आत जाण्यापूर्वी बाहेर येण्याची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, इतिहासही झाला. अशा मालेत आगीसारखा रखरखीत विषय ठेवण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत. आम्ही साहित्यिक नव्हे. उणीपुरी तीस वर्षे कारखान्याच्या अग्निशमन दलात गेली आणि त्यांतील बरीचशी नव्या मुलांना शिकवण्यात गेली. तेव्हा भाषेत काही उणे राहिल्यास श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय आम्ही घेतला त्याला एक कारण घडले. गेल्या वर्षी आपल्यांतीलच एका कुटुंबातील मुलगा प्रमाणपत्र घेऊन आमच्याकडे आला. कागद जाड, शिक्का सोनेरी आणि वर 'अग्निशामक' अशी ठळक अक्षरे. वडिलांनी फीसाठी कर्ज काढले होते. परंतु भरतीच्या ठिकाणी हे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त नाही, असे सांगून मुलाला परत पाठवण्यात आले. आम्ही त्याला विचारले, "बाळ, पाण्याच्या पूर्ण दाबाखाली नोझल किती वेळा धरलेस?" तो खाली मान घालून म्हणाला, "काका, नोझल फक्त चित्रात पाहिले." पैसे बुडाले याचे दुःख होतेच, पण आमच्या मनात दुसराच विचार आला. तो कागद कुठे चुकून चालला असता, तर हा मुलगा एके दिवशी धुराने भरलेल्या खोलीत गेला असता, आणि त्याच्या भरवशावर त्याच्यामागून आणखी एक जण गेला असता.

मग खरे शिक्षण कसे असते? आपल्या देशात त्याचा विचार ज्या घटनेच्या स्मरणाने होतो, ती मुंबईची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवण्यास गेलेले ६६ अग्निशामक त्या दिवशी घरी परतले नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवसापासून देशभर सप्ताह होतो. शौर्यात ते कोठेही उणे नव्हते. पण शौर्याला ज्ञानाची, साधनांची आणि शिस्तीची जोड नसेल तर किंमत किती मोजावी लागते, हे त्या दिवसाने शिकवले.

पुढे १९५६ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने उत्तर प्रदेशातील रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन केले आणि १९५७ साली ते नागपुरास आणले. देशाच्या कानाकोपऱ्यांतील अधिकारी तेथे घडले. आम्हीही तेथेच उप-अधिकाऱ्याचा अभ्यासक्रम केला. परप्रांतात वाढलेल्या आमच्यासारख्यास मैदानावर मराठी कानी पडली, तेव्हा अर्धा शीण तेथेच उतरला.

प्रशिक्षणाचा पहिला धडा फळ्यावरचा असतो. आगीला तीन गोष्टी लागतात: इंधन, उष्णता आणि प्राणवायू. यांपैकी एक काढून घेतली की आग मरते. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. झाकण ठेवून तो तोडला की कढईतली आग विझते. त्याच कढईत पाणी ओतले तर पाण्याची वाफ होऊन तिचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि पेटते तेल अंगावर येते. म्हणून आग कशाची आहे, घन पदार्थाची, द्रवाची, वायूची की धातूची, हे आधी ओळखायचे आणि मगच हात चालवायचा.

दुसरा धडा मैदानावरचा. पहाटे कवायत, मग होज उलगडणे, जोडणे, गुंडाळणे. होजचा व्यास ६३ मिलिमीटर; रिकामा असतो तेव्हा निवांत पडलेला, पाणी सुटले की अजगरासारखा उसळतो. एकाने नोझल धरायचे, दुसऱ्याने त्याच्या पाठीला खांदा द्यायचा. शिडी उभारणे, पंप चालवणे, जखमीस खांद्यावर घेऊन उतरणे, माणसाला दोरीने खाली सोडण्याची खुर्ची-गाठ अंधारात केवळ बोटांनी बांधणे, हे सारे शंभरदा करून घेतात. आमचे उस्ताद म्हणत, "डोके घाबरले तरी हात घाबरता कामा नयेत." या घोटवण्याचा कंटाळा येई. कशासाठी हे, ते पहिल्या खऱ्या आगीत कळले.

तिसरा धडा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून धुरात शिरायचे असते. ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. मेहनतीच्या कामात मिनिटाला ४० लिटर धरली, तर पाऊण तासाचा हिशेब होतो. घाबरलेला माणूस ती त्याहून लवकर संपवतो, आणि परतीच्या वाटेची हवा त्यातूनच राखावी लागते. म्हणून आत जाणारा प्रत्येक जण आपल्या नावाची तबकडी दारावरच्या सहकाऱ्याजवळ देतो. तो फलकावर ती लावतो, शेजारी हवेचा दाब आणि आत गेल्याची वेळ लिहितो, आणि कोणी कधी बाहेर यावे याची आकडेमोड करतो. बाहेर आलेल्याने आपली तबकडी स्वतः उचलायची. फलकावर एक जरी तबकडी उरली, तरी काम संपलेले नाही.

तरुणपणी आम्हांस वाटे, दारावर उभे राहून वेळ लिहिणे हे काही शूराचे काम नव्हे. एकदा कारखान्यातील तेलाच्या तळघरात धूर भरला. आमचा साथीदार वाट चुकला. त्याची वेळ भरत आली हे आत कोणास कळण्यापूर्वी दारावरच्या मुलाने ओळखले आणि दुसरी जोडी आत पाठवली. साथीदार होजच्या शेजारी सापडला. पुढे अनेक वर्षे दिवाळीचा फराळ त्याच्या घरून आमच्याकडे येत असे. त्या दिवसापासून आम्ही मानतो की अग्निशामकाचे शिक्षण म्हणजे आत जाण्यापूर्वी बाहेर येण्याची वाट ठरवणे. प्रमाणपत्र म्हणजे पाठीमागच्या माणसाला दिलेला शब्द होय. तो विकत घेता येत नाही.

म्हणून पालकांस विनंती आहे. मुलामुलींना या सेवेत घालायचे असेल तर अवश्य घाला. पण फी भरण्यापूर्वी ज्या दलात नोकरी हवी त्याचे भरतीचे नियम वाचा आणि कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र तेथे चालते, हे लेखी विचारा. महाराष्ट्र अग्निशमन सेवेचा अग्निशामकाचा मूलभूत अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे. ज्याला मैदान नाही, पंप नाही, धुराची खोली नाही, त्या वर्गाला दुरून नमस्कार करावा. आणि मुलींनी मागे राहू नये. २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर यांनी त्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे शिकलेल्या त्या पहिल्या स्त्री. तोवर मुलांचेच समजले जाणारे ते मैदान तेव्हापासून मुलींचेही झाले.

आता शेवटचे, आपल्या मंडळाविषयी. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका शाळेच्या बक्षीस समारंभात मांडवाला आग लागली. छत कृत्रिम कापडाचे होते आणि बाहेर पडण्यास वाट अपुरी. काही मिनिटांत ४०० हून अधिक माणसे गेली. त्यांत लहान मुलेच फार. मुलांच्या कौतुकाला जमलेली ती माणसे आपल्यासारखीच होती. आपणही दरवर्षी गणपतीत मांडव घालतो, दिव्यांच्या माळा सोडतो, मागे स्वयंपाकासाठी गॅसचे सिलिंडर ठेवतो. हा वायू हवेहून जड. गळला तर जमिनीलगत साचतो. अशा वेळी दिव्याचे बटणही दाबू नये, दारे उघडावीत. धूर वर चढतो, म्हणून त्यातून खाली वाकून, रांगत बाहेर यावे. आणि १०१ किंवा ११२ हा क्रमांक घरातल्या लहानग्यासही पाठ असावा.

आमचे मागणे थोडेच आहे. यंदापासून मांडवाला समोरासमोर दोन रुंद वाटा असाव्यात आणि त्यांत एकही खुर्ची नसावी. स्वयंपाक मांडवापासून दूर व्हावा. आणि आरतीच्या वेळी दोन कार्यकर्त्यांनी टाळ बाजूला ठेवून दारावर उभे राहावे. त्यांची आरती चुकेल, हे खरे. पण दारावर उभे राहणे हीदेखील सेवाच आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पन्नास वर्षांपूर्वी घरापासून दूर आलेल्या माणसांनी हे मंडळ उभारले, ते एकमेकांची विचारपूस राहावी म्हणून. कोण आले, कोण आले नाही, कोण आजारी आहे, याची नोंद ठेवणारा एक फलकच त्यांनी लावला, असे आम्हांस वाटते. तो आपण पुढेही राखू या. उत्सव संपावा, दिवे मालवावेत, आणि आलेला प्रत्येक जण सुखरूप घरी पोहोचलेला असावा, एवढीच गणरायाच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.