जागलीसाठी मोठा टॉर्च : निवड आणि पारख

(कोपरी, ठाणे पूर्व येथे भात व भाजीपाला उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येचा अधिव्याख्याता भाताच्या जाती आणि खतांच्या मात्रा सोडून टॉर्चवर बोलणार, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु दाणा भरू लागल्यापासून कापणीपर्यंतचे दिवस आठवा. चार महिन्यांचे कष्ट त्या दिवसांत शेतात उघड्यावर उभे असतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत खातो थोडे आणि तुडवतो फार. म्हणून माळ्यावर जागल करावी लागते. ज्यांच्या शेतीपंपाला रात्रपाळीची वीज मिळते, त्यांना पाणी द्यायलाही रात्रीच बाहेर पडावे लागते. अशा वेळी हातातील उजेड हे विळ्या-कोयत्याइतकेच महत्त्वाचे अवजार ठरते. तरीही बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल वाचतो आणि टॉर्च मात्र दुकानदार सांगेल तो घेतो.

आज आपण जमलो आहोत त्या कोपरीत आता शेते राहिलेली नाहीत आणि रात्रीही लख्ख उजेड असतो. पण आपण आलात ते मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याणच्या गावांतून. तिथे बांधावर काळोख असतो आणि तानसा-बारवीचे जंगल लांब नसते. खुद्द ठाणे शहराच्या पश्चिमेला येऊरचे रान आहे. ते सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून तेथे बिबट्यांचा वावर आहे. मोठे टॉर्च आपण बहुधा ठाणे किंवा कल्याण स्टेशनजवळच्या बाजारातून नेतो. झगमगत्या दुकानात तो भिंतीवर मारून पाहिला की खूप प्रखर वाटतो. शेतात नेल्यावर निराशा होते. असे का होते आणि पारख कशी करावी, हे क्रमाने पाहू.

एक खुलासा आधी करतो. गावाकडे आपण टॉर्चलाच बॅटरी म्हणतो. घोटाळा नको म्हणून आज मी हातातील दिव्याला टॉर्च आणि त्यातील वीज साठवणाऱ्या भागाला बॅटरी किंवा सेल म्हणेन.

लुमेन आणि कँडेला

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा लुमेनचा असतो. लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. पंपाचे उदाहरण घ्या. पंप मिनिटाला किती लिटर पाणी फेकतो, हे झाले लुमेन. तेच पाणी तुषार सिंचनाच्या तोटीतून सोडले तर जवळच पसरते आणि नळीचे तोंड बोटाने दाबले तर लांब जाते. हा जो एका दिशेचा जोर, तो कँडेला. लांबचे दिसणे कँडेलावर अवलंबून असते, लुमेनवर नाही. म्हणून जास्त लुमेनचा पसरट टॉर्च दीडशे मीटरवर निष्प्रभ ठरतो आणि कमी लुमेनचा, खोल व रुंद परावर्तकाचा टॉर्च तिथपर्यंत पोहोचतो.

चांगल्या कंपन्या अमेरिकेतील एफएल-१ या मानकानुसार पल्ला मीटरमध्ये छापतात. त्याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर म्हणजे छापील पल्ला. चांदण्यात डुक्कर की दगड हे लांबून ओळखू येत नाही. त्यामुळे कामाचा पल्ला छापील पल्ल्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका धरावा.

हिशेब सोपा आहे. पल्ल्याची निमपट करा आणि त्या संख्येला त्याच संख्येने गुणा, म्हणजे लागणारे कँडेला मिळतात. २०० मीटरला १०,००० आणि ४०० मीटरला ४०,००० कँडेला. पल्ला दुप्पट हवा तर जोर चौपट लागतो. लुमेन दुप्पट असलेला टॉर्च दुप्पट लांब दाखवील, ही समजूत चुकीची आहे.

आपल्याला किती पल्ला हवा?

एक एकराचे चौकोनी शेत घेतले तर त्याची बाजू सुमारे ६४ मीटर भरते. पाच एकरांची बाजूही १४२ मीटरच होते. आपल्या जिल्ह्यातील बहुतेकांची खाचरे याहून लहान आहेत. मग एक किलोमीटर पल्ल्याच्या टॉर्चला पैसे कशाला मोजायचे? ४०,००० कँडेलाचा, म्हणजे ४०० मीटर छापील पल्ल्याचा टॉर्च १४० मीटरवर सुमारे २ लक्स प्रकाश टाकतो. तो चांदण्याच्या आठपट होतो. पाच एकरांच्या जागलीला तेवढा पुरे. एक-दोन एकरांना २०० ते ३०० मीटर छापील पल्ल्याचा टॉर्च चालतो.

पायाखालचा उजेड आधी

बंधूंनो, आजच्या व्याख्यानातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मोठ्या टॉर्चचा झोत समोरच्या झाडीवर असतो आणि धोका पायाशी असतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपले चार प्रमुख विषारी साप. त्यांपैकी मण्यार तर रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची जागा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते.

प्रखर झोत पाहिल्यानंतर डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मोठा टॉर्च विझवून बांधावरून चालणारा माणूस तेवढा वेळ जवळजवळ आंधळाच असतो. म्हणून चालण्यासाठी ३० ते ५० लुमेनचा, पसरट प्रकाशाचा लहान टॉर्च किंवा डोक्याला बांधायचा दिवा वेगळा ठेवावा. तो रात्रभर पुरतो आणि हातही मोकळे राहतात. पिवळसर छटेचा प्रकाश मिळाल्यास उत्तम. निळसर पांढऱ्या प्रकाशात पालापाचोळा आणि त्यावरचा तपकिरी साप एकसारखे दिसतात. मोठ्या टॉर्चला पैसे कमी पडत असतील तर तो लहान घ्या, पण पायाखालचा दिवा आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट यांत काटकसर करू नका.

दंश झालाच तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष असलेले सरकारी रुग्णालय गाठावे.

सेलचा हिशेब

मोठ्या टॉर्चमध्ये आज बहुधा लिथियमचे १८६५० या आकाराचे सेल असतात. आकडा फक्त मापाचा आहे : १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. या मापाच्या उत्तम सेलची क्षमता सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. बाजारात ९,९०० छापलेले सेल मिळतात, ते खोटे समजावेत. साधी परीक्षा म्हणजे वजन. चांगला सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. किराणा दुकानाच्या काट्यावर तो फारच हलका भरला तर घेऊ नये.

३ अँपिअर-तासाचा एक सेल ३.६ व्होल्टने सुमारे ११ वॅट-तास ऊर्जा देतो. एलईडी टॉर्च वॅटमागे साधारण १०० लुमेन देतो असे धरा. म्हणजे एका सेलवर ११०० लुमेन तासभर किंवा २७५ लुमेन चार तास मिळतील. मग एका सेलच्या टॉर्चवर "१०,००० लुमेन, आठ तास" असे छापलेले असेल तर ते खरे असणे शक्य नाही. शिवाय एफएल-१ मानकात प्रकाश सुरुवातीच्या एक-दशांश होईपर्यंतचा वेळ टिकाव म्हणून धरला जातो. त्यामुळे छापील आठ तासांपैकी पूर्ण प्रखरतेचे किती, हे वेगळे पाहावे लागते.

जागलीला लागते किती? संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत अकरा तास. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटे मोठा झोत फिरवला तर एकूण ४४ मिनिटे होतात. म्हणजे तासभर पूर्ण प्रकाश देणारा खरा टॉर्च रात्र निभावतो. वेळाही बदलत्या ठेवाव्यात, कारण एकाच जागी सतत जळणाऱ्या दिव्याला प्राणी सरावतात.

जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्ल बॅटरीचे टॉर्च जड, पण स्वस्त असतात. वापर झाल्याबरोबर ते चार्ज करावेत. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली तर लवकर निकामी होते.

शेतावरची परीक्षा

विकत घेताना परत करण्याची मुदत विचारून घ्यावी आणि त्या मुदतीत पुढील पाच परीक्षा कराव्यात.

१) पल्ला : अमावास्येच्या आसपास ५०, १०० व १५० मीटरवर तपकिरी गोणपाट टाकावे. पांढरी पिशवी वापरू नये, ती लांबूनही दिसते. गोणपाट आणि ढेकूळ वेगळे ओळखू येतात तेथपर्यंत आपला खरा पल्ला.

२) टिकाव : पूर्ण चार्ज करून सिमेंटच्या ओट्यावर टॉर्च लावावा आणि दर पंधरा मिनिटांनी ५० मीटरवरचे गोणपाट पाहावे. टॉर्च तापला की प्रकाश आपोआप कमी होतो. तो किती मिनिटांनी आणि किती कमी होतो, याची नोंद ठेवावी.

३) पाणी : आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोड्यांपुरते संरक्षण आणि आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कोकणच्या पावसाला आणि चिखलणीच्या खाचराला दुसरा प्रकार हवा. झाकणाचे रबर पाहून घ्यावे.

४) बटण : चिखलाने भरलेल्या, ओल्या हाताने अंधारात बटण सापडते का? एकदा दाबताच साधा प्रकाश यावा. लुकलुक करणारे पाच प्रकार ओलांडून तो मिळत असेल तर टॉर्च बाद करावा.

५) वजन : तासभर हातात धरून बांधावर फिरावे. माळ्यावर बसणाऱ्याला एक किलोचा टॉर्च चालतो. पण पोलीस पाटील, ग्रामसुरक्षा दल, वनरक्षक अशा गस्त घालणाऱ्यांना तो जड जातो. त्यांनी खांद्याला पट्टा लागणारा, निम्म्या वजनाचा टॉर्च निवडावा आणि जादा सेल जवळ ठेवावा.

मोठा टॉर्च पेटता ठेवून तोंड खाली करून पेंढ्यावर किंवा वाळल्या गवतावर कधीही ठेवू नये. काचेच्या उष्णतेने पेंढा धुमसू शकतो.

झोतात काय दिसते?

बिबट्या, भेकर, मांजर, कुत्रा यांचे डोळे झोतात चमकतात, कारण त्यांच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो. डुकराच्या डोळ्यांत तो नसतो. डोळे चमकले नाहीत म्हणून शेतात डुक्कर नाही, असे समजू नका. पिकाची हालचाल आणि शरीराचा आकार पाहा. माणसाचे डोळेही तसे चमकत नाहीत, आणि रात्री शेतात आपल्यासारखाच दुसरा राखणदार किंवा पाणी द्यायला आलेला शेजारी असू शकतो.

बिबट्या दिसल्यास झोत घेऊन त्याच्या मागे लागू नये. वाकू नये, बसू नये, पळू नये. ताठ उभे राहून मोठ्याने बोलत सावकाश मागे सरावे आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. जागलीला दोघांनी जावे. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ टॉर्चच्या अंगावरच लिहून ठेवावा.

टॉर्च शिकारीसाठी नाही

काही दुकानांत असे टॉर्च 'शिकारी टॉर्च' म्हणून विकले जातात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. रानडुक्कर, भेकर, ससा यांची विनापरवाना शिकार हा गुन्हा आहे. मारणेच नव्हे, तर फासे-सापळे लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही शिकारीत मोडते. पीक नुकसान करणाऱ्या डुकरांबाबत परवानगी द्यायची की नाही, ते वन विभाग अर्ज आल्यावर ठरवतो. नुकसान झाल्यास उशीर न करता वन कर्मचाऱ्याकडे तक्रार नोंदवून पंचनामा करून घ्यावा.

कुंपणाच्या तारेत घरगुती वीज सोडण्याचा मार्ग तर कोणीही धरू नये. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचा मुलगा यांतला फरक कळत नाही. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो आणि तो जिवावर बेतत नाही. ते घ्यायचे असेल तर अनुदानाची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

बंधू-भगिनींनो, टॉर्चचे काम एवढेच : प्राणी वेळीच दिसावा, आपण हाक द्यावी, त्याने रानात परतावे आणि आपण सकाळी धडधाकट घरी यावे. येत्या हंगामात टॉर्च घेताना तीन प्रश्न विचारा. कँडेला किती? सेल खरा आहे का? आणि पायाखालचा दिवा वेगळा घेतला का? भात गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येते, जागलीला गेलेला माणूस मात्र परत आलाच पाहिजे.

 जय जवान, जय किसान.