आधी बाही पाहा



इंग्लंडमधल्या एखाद्या कुटुंबाचा जुना फोटो हाती आला आणि मागे नाव-साल काही नसलं, तर माझं सांगणं एवढंच : चेहऱ्यांकडे नंतर वळा, आधी बाही पाहा. व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ गादीवर होती. तेवढ्या काळात बायकांचा पेहराव इतक्यांदा पालटला, की फोटोचं साल पुष्कळदा चार-पाच वर्षांच्या आत आणता येतं.

१८९० च्या आसपास खांद्यावर बाहीची एक बारीकशी चुणी उभी राहते. ती दरवर्षी फुगत जाते आणि १८९५ ला तिचा अक्षरशः फुगा होतो. दोन-तीन वर्षांत तो ओसरतो. इतकी नेमकी खूण दुसरी नाही.

त्यामागच्या काळासाठी घेर पाहावा. पोलादी कड्यांचा पिंजरा, म्हणजे क्रिनोलाइन, १८५६ मध्ये आला. त्याआधी एकावर एक परकर चढवावे लागत. १८६० च्या सुमारास घेर सर्वांत मोठा होता. पुढे समोरची बाजू सपाट होत गेली आणि १८७० नंतर सगळा फुगवटा कमरेमागे गेला. केसही तेच सांगतात. १८४० च्या दशकात मधला भांग आणि कान झाकलेले. साठच्या दशकात कान उघडे, अंबाडा जाळीत. सत्तरच्या दशकात डोक्यावर वेण्यांची चळत. ऐंशीच्या दशकात कपाळावर कुरळ्या बटा.

फसगत होते ती आजीमुळे. म्हाताऱ्या बायका तरुणपणातली टोपी आणि भांग सोडत नसत. म्हणून गटातल्या सर्वांत तरुण, पण वयात आलेल्या स्त्रीवरून साल धरावं. तीही गरीब घरातली असेल, तर एकच चांगला रेशमी झगा उसवून-शिवून वर्षानुवर्षं वापरत असे. म्हणून कपड्यावरून फोटो अमुक सालाआधीचा नाही, इतकंच खात्रीने म्हणता येतं. मला त्या उसवलेल्या शिवणी फार जवळच्या वाटतात. घरची ओढाताण तिथे दिसते.

काळा झगा दिसला की सुतकच, असंही समजू नका. त्या वेळी फोटो ज्या कलोडियन-लेपाच्या काचांवर टिपत, त्यांवर तांबडा आणि पिवळा रंग काळपट उमटे, निळा फिकट. झग्यातलं मूल मुलगीच असेल असंही नाही. चार-पाच वर्षांपर्यंत मुलगेही झगेच घालत. भांग बाजूला असेल तर बहुधा मुलगा.

शेवटची विनंती. १८६० नंतर घरोघरी पोचलेले छोटे फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेले असत. सुरुवातीचा पुठ्ठा पातळ, कोपरे चौकोनी. सत्तरच्या दशकापासून तो जाड, कोपरे गोल. मागे स्टुडिओचं नाव आणि पत्ता छापलेला असतो. फ्रेममध्ये बसावा म्हणून तो पुठ्ठा कृपा करून कापू नका.