ओव्हन छोटा, केक टेक्सासचा

आजचा एपिसोड पिंपळे सौदागरमधून, आमच्या किचनमध्येच रेकॉर्ड करतोय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या.

टेक्सास शीट केक. अमेरिकेच्या दक्षिणेत हा पसरट ट्रेमध्ये करतात आणि ट्रेसकट लोकांकडे नेतात, अगदी कुणाकडे मयत झाली तरी. आपल्याकडे पिठलं-भात पोचवतात ना, तसंच. माझ्या रूममेटची नोकरी गेलीये, त्याला विचारूनच सांगतोय. सल्ले त्याला भरपूर मिळालेत. म्हणून आज केक.

मूळ ट्रे १८ बाय १३ इंचांचा, तो आमच्या ओटीजीत मावत नाही. म्हणून माप निम्मं आणि ९ इंची चौकोनी टिन, बटर लावून. एक कप मैदा, एक कप साखर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. ११५ ग्रॅम बटर, अर्धा कप पाणी आणि दोन मोठे चमचे कोको उकळून त्यावर ओता, हलवा. बीटर नकोच. आता ताक. आपलं ताक पातळ, तिकडचं दाट. म्हणून पाव कप आंबट दही घुसळून घ्या, त्यातच एक अंडं फेटून घाला. आंबटपणा हवाच, त्यानेच सोडा फुलतो. १८० डिग्रीला २०-२५ मिनिटं.

आयसिंग केक गरम असतानाच ओतायचं, म्हणजे थोडं आत मुरतं. ९० ग्रॅम बटर, दोन मोठे चमचे कोको, तीन मोठे चमचे दूध उकळा, त्यात सव्वादोनशे ग्रॅम पिठीसाखर. तिकडे वर पीकन घालतात, मी भाजलेले शेंगदाणे घालतो. अक्रोडापेक्षा भारी लागतात!

टिनमधून काढायच्या भानगडीत पडू नका. दोन चमचे घ्या आणि बसा.