प्रोग्रामची मांडणी : वहीवाल्याच्या नजरेतून



कापडाच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या बी.कॉम. माणसाने संगणकाच्या भाषेवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मांडणी हा विषय मूळचा आम्हा वहीवाल्यांचाच. देशी नाम्याच्या वहीत छापील रेघा नसत. पान दुमडून सळ पाडीत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. प्रत्येक बाजूचा पहिला सळ तो सिरा, उरलेले पेटा. रक्कम सिऱ्यात, तिचा तपशील आत पेट्यात. कोणता तपशील कोणत्या रकमेच्या पोटातला, हे नजर टाकताच कळे. प्रोग्राममध्ये अटीखालची ओळ आत सरकवून लिहितात, त्यामागे हाच हेतू आहे.

मात्र सी भाषेत संगणक ही सरकवलेली जागा पाहतच नाही. तो महिरपी कंस पाहतो. कंस नसतील तर अटीखालची एकच ओळ अटीची, पुढची अटीबाहेर. यातून केवढा अनर्थ ओढवतो पाहा. २१ फेब्रुवारी २०१४ रोजी ॲपल कंपनीला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या, म्हणून वाचणाऱ्यास दोन्ही अटीतल्या वाटत. प्रत्यक्षात दुसरी अटीबाहेर होती. ती प्रत्येक वेळी चाले, पुढची सही-तपासणी टळे, आणि तोवर चूक नोंदलेली नसल्यामुळे निकाल ‘ठीक’ असा परत जाई. त्याच नेटवर्कवर बसलेल्या लबाडास एखाद्या बँकेच्या संकेतस्थळाचे सोंग घेणे त्यामुळे शक्य होते. हुंडीवरची सही न पाहताच पैसे मोजून द्यावेत, तसा हा प्रकार! कंस घातले असते तर ती जादा ओळ निरुपद्रवी ठरली असती. पुढे २०१६ मध्ये जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या मांडणीबद्दल इशारा देण्याची सोय आली.

पायथनचे कर्ते ग्विडो व्हॅन रॉसम यांनी हा तंटाच ठेवला नाही. त्या भाषेत ओळ आत सरकवणे हेच व्याकरण. २००१ सालच्या ‘पेप ८’ या नियमावलीत प्रत्येक पायरीस चार मोकळ्या जागा आणि ओळीस कमाल ७९ अक्षरे सांगितली आहेत. हा आकडा आला कोठून? आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रपत्रिकेवर ८० स्तंभ होते; पुढे पडदेही तेवढ्याच रुंदीचे झाले. आमच्या गजाप्रमाणेच हे माप मूळ वस्तू गेल्यावरही टिकले.

लिनक्सच्या गाभ्यात मात्र टॅब वापरतात, आणि तो आठ अक्षरांचा. टॅब चांगला की मोकळी जागा, यावर जाणकार मंडळी हमरीतुमरीवर येतात. मला गो भाषेची रीत पटते. तिच्यासोबत मिळणारे ‘गोफम्ट’ हे साधन सर्वांचे लिखाण एकाच साच्यात बसवते; वादाला जागाच उरत नाही.

विद्यार्थ्यांना एकच व्यवहाराची गोष्ट सांगतो. दुसऱ्याचा प्रोग्राम हाती आला, तर त्याचीच मांडणी चालू ठेवा. ती बदलणे भागच असेल तर तो बदल स्वतंत्रपणे नोंदवा, हिशेबातल्या दुरुस्तीबरोबर नव्हे. नाहीतर सरकलेल्या शंभर ओळींत खरी बदललेली एक ओळ तपासनिसास सापडायची नाही.