मुका साक्षीदार : बोटांचे ठसे
(संस्थेच्या विज्ञान मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्याला सही करता येत नाही त्याला आपण ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हिणवतो. पण सहीची नक्कल करणारे पुष्कळ भेटतात, अंगठ्याची नक्कल तितकी सोपी नाही. आईच्या उदरात असतानाच बोटांच्या टोकांवर ज्या रेषा उमटतात, त्यांची मांडणी मरेपर्यंत बदलत नाही. जुळ्या भावांचे चेहरे सारखे असतील, ठसे सारखे नसतात. सिमेंट कालवणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांवरील रेषा झिजतात. पण हातांना विश्रांती मिळाली की पुन्हा त्याच वर येतात.

या रेषांवर घामाची सूक्ष्म छिद्रे असतात. आपण पेला उचलला की घाम आणि चेहऱ्याला हात लावल्यामुळे बोटाला लागलेला तेलकटपणा पेल्यावर उतरतो. हा ठसा बहुधा डोळ्यांना दिसत नाही. तो दिसता करणे, हे तज्ज्ञाचे पहिले काम.

त्याची रीत वस्तूप्रमाणे बदलते. काच किंवा गुळगुळीत पत्र्यावर मऊ कुंचल्याने बारीक भुकटी फिरवतात. फिकट वस्तूवर काळी, गडद वस्तूवर पांढरी वा करडी. भुकटी ओलसर रेषांना चिकटते. मग शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घेतात आणि त्यानंतरच चिकटपट्टीने ठसा उचलतात. कागद घाम शोषून घेतो, म्हणून तेथे भुकटी फारशी उपयोगी पडत नाही. कागदावर निनहायड्रीन लावले की घामातील अमिनो आम्लांशी त्याची क्रिया होऊन जांभळ्या रेषा उमटतात. प्लास्टिकची वस्तू बंद पेटीत ठेवून तिला झटपट चिकटणाऱ्या गोंदाची, म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेटची, वाफ देतात. ठसा पांढरा होऊन वर येतो. आपल्या पावसाळ्यात भिजलेली वस्तू मात्र घाईने पिशवीत कोंबली, तर ठसा गेलाच म्हणून समजा.

दुसरे काम ताडून पाहण्याचे. आपल्या घरांतून मुलांच्या बोटांवरचे शंख आणि चक्रे मोजण्याची हौस असते. तज्ज्ञही तेथूनच आरंभ करतो : शंख, चक्र की कमान? पण शंख तर लाखो बोटांवर सापडतात. म्हणून तो पुढे जाऊन रेषा कोठे संपते, कोठे तिला फाटा फुटतो, कोठे छोटे बेट तयार होते, या खुणांचे स्थान आणि त्यांमधील रेषांची संख्या भिंगाखाली पाहतो. अनेक खुणा जुळल्या, पण ज्याचा उलगडा होत नाही असा एक जरी खरा फरक निघाला, तरी ठसा त्या माणसाचा म्हणता येत नाही. शेवटी दुसऱ्या तज्ज्ञाने तेच काम स्वतंत्रपणे पडताळायचे असते. ठशांचे काम कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत होते, असे आपल्या उपनगरांतील अनेकांना वाटते. आपल्या राज्यात ते प्रामुख्याने गुन्हे अन्वेषण विभागाचे अंगुली मुद्रा केंद्र करते. त्याचे मुख्यालय पुण्यात आहे.

पण लाखो पत्रिकांतून हवी ती पत्रिका शोधायची कशी? आज संगणक आहे. 2022 सालापासून देशभरच्या ठशांची ‘नाफिस’ ही संगणक-यंत्रणा काम करते. सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न सोडवला तो गणिताच्या एका विद्यार्थ्याने. काझी अझीझुल हक हे बंगालमधील खुलना भागातले, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले. दहा बोटांच्या ठशांवरून पत्रिका 1024 कप्प्यांत वाटून देणारे गणिती सूत्र त्यांनी बसवले. हेमचंद्र बोस हे त्यांचे सहकारी. 1897 साली कलकत्त्यात जगातील पहिले अंगुली मुद्रा केंद्र निघाले. पद्धतीला नाव मात्र वरिष्ठ अधिकारी एडवर्ड हेन्री यांचे मिळाले. या दोघांच्या वाट्याचे श्रेय जगाने फार उशिरा मान्य केले.

आता कळीचा मुद्दा. ‘ठसा कधी खोटे बोलत नाही’ असे म्हणतात. मित्रहो, ठसा मुळी बोलतच नाही! त्याच्या वतीने माणूस बोलतो, आणि माणूस चुकतो.

2004 साली माद्रिदमध्ये आगगाड्यांत स्फोट झाले. तेथे सापडलेल्या एका पिशवीवरील ठसा अमेरिकेतील एका वकिलाचा असल्याचे तेथील केंद्रीय तपास यंत्रणेच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले. हा गृहस्थ इस्लाम स्वीकारलेला होता. स्पेनच्या पोलिसांनी शंका घेतली तरी तज्ज्ञ हटले नाहीत. त्याला सुमारे दोन आठवडे अटकेत काढावे लागले. अखेर स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवून दिले. सरकारने माफी मागितली, भरपाई दिली. मूळ चूक दोन ठशांतील विलक्षण साम्यामुळे झाली होती. पण त्याचा धर्म कळल्यावर फेरविचारात कसूर झाली असावी, असे चौकशी अहवालात नमूद आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली, मुंबई राज्याच्या एका अपिलात, आरोपीचे ठसे घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे, असा निर्णय दिला. म्हणजे ठसे देणे टाळता येत नाही. पण 1997 साली त्याच न्यायालयाने राजस्थानातील एका खटल्यात पितळी भांड्यावरील ठशाचा पुरावा नाकारला. कारण ते भांडे कोणीही हाताळले नाही याची खात्री नव्हती आणि आरोपीचे नमुना-ठसे दंडाधिकाऱ्यांसमोर घेतलेले नव्हते. विज्ञान कितीही पक्के असो, हाताळणी चोख नसेल तर न्याय होत नाही.

म्हणून माझे तुम्हांला सांगणे आहे, या साक्षीदाराचे बोलणे जाणणारी माणसे आपल्यातून निघाली पाहिजेत. बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्यांना मुंबईतच शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत पदवीचे शिक्षण घेता येते. कोणी तज्ज्ञ व्हा, कोणी त्या तज्ज्ञाची उलटतपासणी घेणारे वकील व्हा. निरपराध माणूस सुटण्यासाठी दोघेही लागतात, आणि दोघांनाही अभ्यास लागतो. पालकांनाही विनंती की, मुलगा असो वा मुलगी, दहावीनंतर शिक्षण थांबवू नका. अझीझुल हक यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, संगणक नव्हता, गणित होते.