रोजची भाकर

(दुष्काळ-निवारण समितीच्या खोपट, ठाणें येथील सभेंत समितीच्या एका वकील सभासदांनीं केलेलें भाषण)



समितीच्या चिटणिसांनीं मला आज बोलावयास सांगितलें, तेव्हां विषयही त्यांनींच नेमून दिला. ते म्हणाले, "तुम्ही ख्रिस्ती आहां. काम गेलें, पैसा संपला, अशा वेळीं तुमच्या लोकांस श्रद्धेचा आधार कसा होतो, तें आमच्या देणगीदारांस सांगा." मीं होकार दिला खरा, परंतु घरीं गेल्यावर मनांत आलें कीं, ज्यांच्या वखारींत धान्य आहे व ज्यांच्या नांवावर जमिनी आहेत, त्यांच्यापुढें उपाशी माणसाच्या श्रद्धेचें वर्णन करणें हें काम जोखमीचें आहे. ऐकणारा सहज म्हणेल, "त्यांचा देव त्यांची काळजी घेतो आहे, मग आमची गरज ती काय?" असें कोणीं म्हणूं नये, एवढ्यासाठींच मी आज आपल्यापुढें उभा आहें.

खोपटचें एस. टी. स्थानक आपणां सर्वांस ठाऊक आहे. वरच्या मुलुखांत पाऊस चुकला म्हणजे त्याची बातमी आम्हां खोपटकरांस पुष्कळदां तेथेंच प्रथम कळते. लांबच्या गाडींतून नवरा, बायको, दोन मुलें आणि गोधडींत बांधलेला संसार खालीं उतरतो, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे तोच नवरा व तीच बायको शहरांतल्या एखाद्या नाक्यावर मुकादमाची वाट पाहत उभीं असतात. आठ वाजतां ज्याला कोणीं नेलें तो त्या दिवसापुरता सुखी. जो दहा वाजेपर्यंत उभाच राहिला त्याची चूल त्या दिवशीं पेटण्याची खात्री नाहीं.

दुष्काळ म्हणजे केवळ धान्याचा तुटवडा अशी आपली समजूत असते. वस्तुतः बाजारांत धान्य असतें, विकत घेणाऱ्याच्या हातीं मजुरी नसते. पाऊस गेला कीं शेतांतलें काम जातें, आणि काम गेलें कीं भाकर जाते. सन १८८० च्या दुष्काळ-कमिशनासही हें दिसून आलें होतें. आपल्या महाराष्ट्रानें तर तें अनुभवानें ओळखलें. सन १९७२ च्या दुष्काळानंतर, सन १९७३ च्या मे महिन्यांत, सुमारें पन्नास लाख माणसें दुष्काळी कामांवर खडी फोडीत व माती उचलीत होतीं. आणि त्या अनुभवांतून, श्री. वि. स. पागे यांच्या खटपटीनें, मागेल त्याला काम देण्याची रोजगार हमी योजना उभी राहून सन १९७७ मध्यें तिचा कायदा झाला. म्हणून बेकारी आणि दुष्काळ हे दोन निरनिराळे विषय आहेत असें मी मानीत नाहीं. कारखान्याचें दार बंद झालेला कामगार आणि करपलेल्या शेताकडे पाठ फिरवून आलेला शेतकरी हे एकाच नाक्यावर उभे आहेत.

आतां माझ्या विषयाकडे वळतों. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांत प्रभु येशूनें सांगितलेला एक दृष्टान्त आहे. एका मळेवाल्यास द्राक्षमळ्यासाठीं मजूर पाहिजे होते. तो पहाटे बाजारांत गेला व ठरलेल्या रोजावर कांहीं माणसें घेऊन आला. मग तो आणखी चार वेळां गेला. शेवटीं दिवस मावळावयास एक तास उरला असतां त्यास कांहीं माणसें अजून उभींच दिसलीं. रिकामे कां उभे आहां, असें त्यानें विचारलें. आम्हांस कोणीं कामास लावलेंच नाहीं, असें उत्तर आलें. त्यांसही त्यानें मळ्यांत पाठविलें, आणि संध्याकाळीं त्यांस पूर्ण दिवसाचा रोज दिला.

हा दृष्टान्त देवाच्या कृपेविषयीं आहे, हें मी जाणतों. परंतु ठाण्याच्या नाक्यावरचा माणूस तो ऐकतो, तेव्हां त्याला त्यांत आधीं स्वतःची हकीकत ऐकूं येते. तो आळशी म्हणून उभा नाहीं, त्याला कोणीं बोलाविलें नाहीं म्हणून उभा आहे, हें त्या मळेवाल्यानें मान्य केलें. आणि अर्ध्या-मुर्ध्या दिवसाचें काम मिळालें तरी पोट पूर्ण दिवसाचें असतें, हेंही त्यानें जाणलें. बेकार ख्रिस्ती माणूस ज्या देवावर भिस्त ठेवतो तो देव असा आहे. त्याच्याजवळ तो वर्षाचें धान्य मागत नाहीं. प्रभूनें शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेंत आजच्या दिवसापुरती भाकर मागावयाची असते.

तथापि देवावर भार टाकणें आणि हात बांधून बसणें यांत मोठें अंतर आहे; आणि तें पंडिता रमाबाईंनीं जितकें स्वतः भोगून ओळखलें तितकें फार थोड्यांनीं ओळखलें असेल. सन १८७४ च्या सुमारास दक्षिणेकडील दुष्काळांत त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मागाहून मातोश्री व वडील बहीण, हीं सर्व गेलीं. घरांत विद्या उदंड होती, परंतु पोट भरण्याचा धंदा कोणास येत नव्हता, आणि अंगमेहनतीचें काम करणें हें कुळाच्या अभिमानास मानवत नव्हतें. ही गोष्ट बाईंनीं पुढें स्वतःच आपल्या निवेदनांत लिहून ठेविली. बहीणभावंडें उपाशीपोटीं कित्येक वर्षें पायीं हिंडलीं व सन १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचलीं.

तीच मुलगी सन १८९७ मध्यें, मध्यप्रांतांत दुष्काळ पडला असतां, तेथील मुली व विधवा सोडवून आणावयास निघाली. तीनशेंच्या सुमारास मुली त्यांनीं आणिल्या व दौंड तालुक्यांतील केडगांव येथें मुक्तिसदन उभें केलें. अमेरिकेंतील मित्रमंडळानें दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें होतें, त्याची मुदत सन १८९८ मध्यें भरत आली होती. आणि खाणारीं तोंडें तर शेंकड्यांनीं वाढलेलीं. ब्रिस्टलच्या अनाथगृहाचे जॉर्ज म्यूलर यांची हकीकत बाईंनीं वाचली होती. प्रार्थनेच्या बळावर हजारों मुलें पोसतां येतात, हें त्यांस तेथें दिसलें होतें, आणि त्यांनीं तोच मार्ग धरला. पण प्रार्थना करून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. केडगांवीं विहिरी खणल्या, शेत केलें, गाईगुरें पाळलीं, माग लाविले, छापखाना घातला. आणि आलेल्या प्रत्येक मुलीच्या हातीं कांहीं ना कांहीं धंदा दिला. सन १८७४ मध्यें आपल्या घरांत जें नव्हतें, तें त्यांनीं दुसऱ्यांच्या लेकींस दिलें. ती संस्था केडगांवीं आजही चालू आहे.

गृहस्थहो, थोरांची गोष्ट सांगितली; आतां एक लहान घराची सांगतों. तें घर माझेंच आहे.

माझे वडील येथील एका कारखान्यांत फिटर होते. मी शाळेंत असतां तो कारखाना बंद पडला. पहिले दोन महिने देणीं मिळतील या आशेवर गेले. मग आईची बांगडी गेली, मग शिवणयंत्र गेलें. रोज संध्याकाळीं आई आम्हां भावंडांस घेऊन प्रार्थनेस बसे. वडील त्याच खोलींत भिंतीकडे तोंड करून बसत. सहा महिने त्यांच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघाला नाहीं. आईनें त्यांस आग्रह केला नाहीं, बोलही लाविला नाहीं. पुढें एकदां मीं तिला याविषयीं विचारलें, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "त्यांच्या वांट्याची प्रार्थना मी करीत होतें."

त्या प्रार्थनेनें डबा भरला, असें मी शपथेवर सांगणार नाहीं. परंतु तिच्या योगानें दोन गोष्टी झाल्या, त्या मात्र सांगूं शकतों. वर्षभराची काळजी एकदम डोक्यावर न घेतां आई आजच्यापुरती उभी राहूं शकली. आणि आमच्या मंडळींतील वडीलधारे दर आठवड्यास घरीं येत राहिल्यामुळें, पगार गेला म्हणजे माणूसपण गेलें, ही जी विषारी समजूत बेकाराच्या मनांत शिरते ती आमच्या घरीं ठाण मांडूं शकली नाहीं.

आणि डबा? तो कोणीं भरला तें सांगतों. आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एका कच्छी शेटजींचें किराण्याचें दुकान होतें. उधारी थकल्यावर वडील लाजेनें दुकानावरून जाईनातसे झाले. मागच्या बोळानें वळसा घालून येत. एके दिवशीं शेटजी स्वतः त्या बोळांत येऊन उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, रस्ता बदलूं नका. वही मीं बंद केलेली नाहीं. आणि माझा तराजू बिघडला आहे, तो आज येऊन पाहा." वडिलांनीं तो तराजू दुरुस्त केला. शेटजींनीं त्यांस शेजारच्या चार दुकानांचें काम मिळवून दिलें; कोणाचा कांटा, कोणाचें शटर, कोणाची चक्की. चौदा महिन्यांनीं वडिलांस एका लहान कारखान्यांत नोकरी लागली. वहीचा हिशेब पुरा फेडावयास पुढें तीन वर्षें लागलीं. शेटजींनीं व्याज लाविलें नाहीं, आणि तीन वर्षांत एकदांही माणूस दारीं पाठविला नाहीं. तराजू दुरुस्त करून आले त्या संध्याकाळीं वडील प्रार्थनेस आमच्याकडे तोंड करून बसले.

शेटजी आमच्या धर्माचे नव्हते, आणि आमचा धर्म कोणता हें त्यांनीं कधीं विचारलें नाहीं. आईच्या मनांत मात्र याविषयीं कधीं संशय नव्हता. तिनें भाकर देवापाशीं मागितली होती, आणि देवानें शेटजींस त्या बोळांत पाठविलें होतें. याकोबाच्या पत्रांत हेंच बजावलें आहे कीं, उघड्या व उपाशी माणसास नुसता आशीर्वाद देऊन वाटेस लावणें याला श्रद्धा म्हणत नाहींत.

येथें एक आक्षेप आहे. तो आपल्यापैकीं कोणाच्या तरी मनांत असेल, म्हणून मीच बोलून टाकतों. दुष्काळांत ख्रिस्ती झालेल्यांस 'भाकरीसाठीं बाटलेले' असें पुष्कळदां म्हटलें गेलें. त्यांतील कित्येकांवर तो अन्याय होता. कवि नारायण वामन टिळक यांनीं सन १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांस भाकर मिळाली नाहीं. घर तुटलें, पत्नी व मूल कित्येक वर्षें दुरावलीं. सन १९१७ मध्यें तर मिशनचा कायमचा पगारही त्यांनीं आपण होऊन सोडला. त्या संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत आडपडदा न ठेवतां सांगितली आहे. परंतु आक्षेपाच्या मुळाशीं जो न्याय आहे तो मला मान्य आहे. आमच्या सन १८७२ च्या करार कायद्यांत असें तत्त्व आहे कीं, एका पक्षाचा दुसऱ्याच्या मनावर ताबा चालत असेल, आणि त्याचा त्यानें गैरफायदा घेतला असेल, तर तो करार दुबळ्या पक्षास रद्द करून घेतां येतो. भाकर हातांत धरून उपाशी माणसाकडून जी कबुली घेतली ती, मग ती धर्माची असो, मताची असो, कीं वेठीची असो, कायद्यापुढें टिकणार नाहीं; देवापुढें तर नाहींच नाहीं. म्हणून आपली समिती मदतीच्या वेळीं जात विचारीत नाहीं व धर्म विचारीत नाहीं. आणि हा नियम ख्रिस्ती म्हणून मला सर्वांत अधिक प्रिय आहे.

आतां मागणें. समितीच्या जमाखर्चाचा तपशील या अहवालांत आहेच. तो आपण कसोशीनें तपासावा. माझें मागणें तीन प्रकारचें आहे.

जमीनदार गृहस्थांस विनंति कीं, विहिरींचा गाळ काढणें, बांधबंदिस्ती, तळीं खोल करणें हीं कामें पुढल्या वर्षावर न टाकतां यंदाच काढावीं, व ज्यांस उशिरां बोलाविलें त्यांसही पोटापुरता रोज द्यावा. व्यापारी गृहस्थांस विनंति कीं, धान्य समितीस खरेदीच्या भावानें द्यावें, आणि आपल्या वहींत ज्याची उधारी एकाएकीं थकली आहे त्याचें पान फाडण्यापूर्वीं त्याच्या हातीं कांहीं काम देतां येतें कां तें पाहावें. इतर सर्वांस विनंति कीं, जें द्यावयाचें तें ठरवून दर महिन्यास द्यावें. कारण भूक एकदां देणगी दिल्यानें एकदांच लागत नाहीं.

उद्यां पहाटे आपल्या शहरांतील कोणत्याही नाक्यावर माणसें उभीं असतील. त्यांतील कांहींनीं रात्रीं प्रार्थना केली असेल, कांहींनीं पांडुरंगाचें नांव घेतलें असेल, कांहींनीं नमाज पढला असेल, आणि कांहीं माझ्या वडिलांप्रमाणें भिंतीकडे तोंड करून बसले असतील. त्या सर्वांचें मागणें एकच आहे. तें पुरें करावयास कोणास पाठवावें याचा विचार देवानें केलाच असेल, तर त्यानें आजच्या सभेचीं निमंत्रणें कोणाकोणास गेलीं आहेत, तिकडे एकदां पाहिलें असावें असें मला वाटतें.