हाडातली खुंटी
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आज मी खांद्याविषयी चार शब्द बोलणार आहे. माळ्यावरचा डबा काढताना, वेणी घालताना, दोरीवर लुगडे टाकताना आपल्यापैकी कितीजणी ओठ चावतात, हे आपण रोज पाहतो आणि "वय झाले" म्हणून सोडून देतो. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांना विचारून जे कळले व मागाहून वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवते.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकलेला मोठा चेंडू. तो घसरू नये म्हणून चार स्नायू त्याला चहूकडून धरून असतात. प्रत्येक स्नायूचे टोक पांढऱ्या, चिवट दोरीसारखे होऊन हाडाला चिकटलेले असते. तिला कंडरा म्हणतात. वयाबरोबर ही दोरी झिजते. चाकणच्या रस्त्यावर स्कूटरवरून हातावर पडणे झाले, किंवा कारखान्यात वर्षानुवर्षे डोक्याच्या वर हात धरून काम केले, तर ती हाडावरून सुटूही शकते.

प्रत्येक दुखणे असे नसते, हेही सांगावयास हवे. नुसता आखडलेला खांदा, जो मधुमेह असलेल्यांत अधिक आढळतो, तो दुसऱ्याने उचलला तरी वर जात नाही. दोरी तुटली असेल तर दुसरा हात वर नेऊ शकतो, पण आपल्याला तो तेथे धरवत नाही. नक्की काय ते सोनोग्राफी किंवा एम.आर.आय.वरून डॉक्टरच ठरवतात. तुटलेल्यांतही पुष्कळांना व्यायामाने बरे वाटते. सर्वांनाच शस्त्रक्रिया लागते असे नाही.

लागली तर काय करतात? अमेरिकेत बोस्टन शहरी डॉ. कॉडमन यांनी १९०९ साली ही तुटलेली कंडरा शिवली व १९११ साली तो वृत्तांत छापला. हाडाला टाका घालणे सोपे नव्हे. पुढे कित्येक वर्षे हाडाला आरपार भोके पाडून त्यांतून दोरा ओवीत. त्यासाठी मोठी चीर लागे. १९८० नंतरच्या दशकात छोटी खुंटी निघाली. तिला डॉक्टर 'अँकर' म्हणतात. आपण भिंतीत भोक पाडून रावळप्लग बसवतो व त्यात स्क्रू पिळतो, तसाच हा प्रकार. खांद्यासाठीची खुंटी साधारण पाच मिलिमीटर जाडीची, लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास. तिच्यात दोरा आधीच ओवलेला असतो. दुर्बिणीतून पाहत खुंटी हाडात बसवतात, दोरा कंडरेतून काढतात आणि गाठ मारून कंडरा हाडावर दाबून बसवतात. मांडवाची खुंटी आपण तिरपी ठोकतो ना? डॉ. बर्कहार्ट यांनी १९९५ साली हाडातली खुंटीही तिरपी बसवावी असे मांडले. पुढच्या प्रयोगांत सरळ बसवलेलीही चांगली टिकते असे दिसून आले.

काही खुंट्या टायटॅनियम धातूच्या असतात. हा धातू गंजत नाही आणि हाड त्याला घट्ट धरते. ही गोष्ट स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसली. टायटॅनियम कातणे किती जिकिरीचे, हे आपल्या भोसरीच्या टर्नर मंडळींना विचारा: उष्णता धातूतून लवकर निघून जात नाही आणि हत्याराची धार जाते. काही खुंट्या विशेष प्लॅस्टिकच्या, काही हळूहळू शरीरात विरघळणाऱ्या, तर काही नुसत्या दोऱ्याच्याच असतात.

आता मुख्य मुद्दा. खुंटी कंडरा बरी करीत नाही, ती नुसती धरून ठेवते. बरे करण्याचे काम शरीराचे. बहुधा पहिले सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. कंडरा हाडाला नीट धरू लागण्यास सुमारे तीन महिने लागतात, आणि जड काम चार ते सहा महिन्यांनंतर, तेही डॉक्टर सांगतील तेव्हाच. तोवर हाताला ओढ बसली तर कंडरा टाक्यातून फाटते. म्हणजे उत्तम खुंटी आणि उत्तम डॉक्टर मिळूनही घराने विसावा दिला नाही, तर सारे वाया!

पुरुषाला कामावरून सुट्टी मिळते. चुलीला सुट्टी कोण देतो? आमच्या जाऊबाई पंधराव्या दिवशी "एकच बादली" म्हणून उठल्या. सासूबाईंनी ती त्यांच्या हातून घेतली व म्हणाल्या, "झोळीतला हात म्हणजे पाळण्यातलं मूल समज. निजलंय, उठवू नकोस." त्या दिवसापासून भाऊजी पाणी भरू लागले, कणीकही मळू लागले. पोळ्यांचे नकाशे झाले, पण जाऊबाईंचा हात आज डोक्याच्या वर जातो.

दुसरे, मिश्री व तंबाखू. त्यातील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरण्यास उशीर लागतो. निदान त्या महिन्यांत तरी मिश्रीची डबी दूर ठेवावी. साखर असेल तर ती आटोक्यात ठेवावी.

तिसरे, खर्च. एका इस्पितळाने आम्हाला अंदाजपत्रकात नुसते 'अँकर, नग २' असे लिहून दिले. ते काय, कशासाठी, एका शब्दाने सांगितले नाही. अशा वेळी भिडेने गप्प बसू नये. खुंट्या किती, कशाच्या, पाकिटावर छापील किंमत काय, हे विचारावे आणि पाकिटावरची क्रमांकाची चिठ्ठी आपल्या कागदांना लावून घ्यावी. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, तेव्हा विचारणे हा आपला हक्कच आहे. ज्यांच्या घरी राज्य विम्याचे कार्ड आहे त्यांनी मोहननगरच्या विमा रुग्णालयात, इतरांनी संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात चौकशी करावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हेही आधी विचारावे.

शेवटी एक सूचना मांडते. मंडळाच्या ज्या भगिनीचा हात झोळीत असेल, तिच्या घरी सहा आठवडे आपण पाळीपाळीने एक वेळचा डबा पोचवावा. सहा आठवड्यांचे बेचाळीस डबे होतात. आपण चाळीसच्या वर सभासद आहोत, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम एक डबा येईल. डॉक्टर हाडात खुंटी बसवतील. ती टिकवण्याचे काम आपण करू. सूचना पसंत असेल तर चिटणीसबाईंनी आजच वहीत नोंदवून घ्यावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.